पोटातल्याचा वाटा

"तुझ्या बापानं पाळलेलं डुक्कर हाय काय रे म्हाद्या? वाटा घाल म्हणतोय न्हवं मी!"

पहाटेपासून रानात हाका घालून घालून झिलूचा घसा बसला होता. त्यामुळं तो ओरडला तरी आवाज करपलेलं भांडं खरवडल्यासारखा यायचा.

म्हादू ओढ्याकाठच्या कातळावर उकिडवा बसला होता. हातात सुरी, कोपरापर्यंत रक्त, समोर सागाच्या पानांवर मांडलेले वाटे. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"घातले की. मोज."

"मोजले. अकरा घरांचे अकरा. बंदुकीचा एक. कुत्र्यांचा एक. देवकीच्या पोटातल्याचा कुठाय?"

"न्हाई घातला."

"न्हाई घातला म्हंजे?"

"न्हाई घातला म्हंजे न्हाई घातला. कानात बोळे घातलेस काय?"

हाकाऱ्याला गेलेले सगळे तिथंच होते. कुणी हात धूत होतं, कुणी विडी पेटवत होतं. सगळे थांबले. गोपाळच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यानं ती झटकली.

"कुत्र्याला वाटा हाय," झिलू म्हणाला, "आन माझ्या नातवाला न्हाई?"

"कुत्र्याला कच्चं पचतंय."

आता हे काय भांडण, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण या वाडीत शिकारीचे वाटे घरावर पडतात. माणूस हाकाऱ्याला गेलेला असो नसो, चूल पेटते त्या प्रत्येक घराला एक वाटा. ज्याची बंदूक त्याला एक जास्त. डुकराच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्यांना एक. आणि वाडीत कुणी पोटुशी असेल तर तिच्या पोटातल्याला एक. अजून जन्माला आला नाही, नाव नाही, तोंड कुणी बघितलेलं नाही, तरी वाटेकरी. आणि त्याचा वाटा साधासुधा नाही, कलेजीचा. ती घरच्या भांड्यात शिजवायची नाही. जिथं डुक्कर फाडलं तिथंच निखाऱ्यावर टाकायची, वरून काळी पडली की उचलायची, आत लाल असते तशीच न्यायची. त्या दिवशी दिवे लागायच्या आत आईनं ती खायची. हाकाऱ्याचे पुरुष उरलेली कलेजी तिथंच उभ्या उभ्या खातात. ज्याचा वाटा घातला नाही तो येणार नाही असं समजतात. म्हणजे म्हादूनं वाटा घातला नाही याचा अर्थ साऱ्या वाडीदेखत त्यानं ते पोर पुसून टाकलं.

आणि देवकीची याआधी दोन गेलेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या.

"ही कलेजी मी कुठल्या बाईला देणार न्हाई," म्हादू म्हणाला. ती त्याच्या डाव्या पायाशी वेगळ्या पानावर होती. "माझी बाळी असलीच खाऊन गेली."

"पाण्यानं गेली ती. डाक्टरच म्हणाला पाण्यानं."

"डाक्टर पाण्यानं म्हणाला, कारण आपण त्याला दुसरं काय सांगितलंच न्हाई."

हे ऐकल्यावर झिलू जरा मागं सरला. मग दोन पावलं पुढं आला.

"मग आता सांगणार हाईस?"

म्हादूनं एका वाट्यातला तुकडा उचलून दुसऱ्यात टाकला.

गोपाळ मधे पडला. "म्हादूदा, मी बी खाल्ली होती की. पिवळा झालो, पंधरा दिवस ताक प्यालो, उठलो. आन तूपण खाल्लीस. तुला तर शिंकसुद्धा आली न्हाई."

"त्येच तर कळत न्हाई मला."

"कळत न्हाई तर बोलतोस कशाला?" झिलूचा बसलेला आवाज आणखी खाली गेला. "दोन गेली माझ्या वासूची. दोन. हे तिसरं. तुझी गेली म्हणून माझ्या घरातलं बी जावं, असं हाय काय तुझ्या मनात?"

"झिलू, गप की," गोपाळ म्हणाला.

म्हादू उठला. सुरी हातातच होती. त्याला ते ध्यानात नव्हतं, पण बाकीच्यांच्या आलं, आणि सगळे एक-एक पाऊल मागं झाले. झिलू हलला नाही. दोघं लहानपणी याच कातळावर शेजारी शेजारी बसून आपापल्या बापांना डुक्कर सोलताना बघत होते. म्हादूनं झिलूकडं बघितलं, मग सुरीकडं बघितलं, आणि खाली बसून ती ओढ्याच्या पाण्यात धुवायला लागला. गरज नसताना दोनदा धुतली.

तेवढ्यात झिलूच्या पोरानं, वासूनं, पानावरची कलेजी उचलली आणि निखाऱ्यावर ठेवली. चर्र आवाज झाला. ती वरून काळी पडेपर्यंत सगळे दुसरीकडं बघत राहिले. मग वासूनं ती पानात गुंडाळली आणि तो घराकडं निघाला. जाताना म्हणाला, "काका, रागावू नका." हे त्यानं मनापासून म्हटलं.

म्हादूनं मात्र काम अर्धवट सोडलं नाही. ज्या वाट्यात हाड जास्त होतं त्यात मांस घातलं, कुत्र्यांचं कुत्र्यांना टाकलं, आतडी खड्ड्यात पुरली आणि वर दगड ठेवले. आपला वाटा तेवढा उचलला नाही.

*

वाडी कॅसलरॉकपासून दोन तासांच्या पायवाटेवर. पूर्वी डुकरं एवढी नव्हती. सुप्याचं धरण भरलं, खालचं रान पाण्यात गेलं, तेव्हापासून सगळी इकडं वर सरकली असं झिलू म्हणायचा. खरं-खोटं रानाला माहीत. पण कार्तिकात भात कापायला आलं की एका रात्रीत अख्खं शेत नांगरल्यासारखं व्हायचं. शिकार करणं गुन्हा होता, आणि न करणं म्हणजे उपाशी राहणं होतं. शेजारच्या वाडीतल्या एकाला फॉरेस्टच्या गार्डानं डुकराच्या मांसासकट धरलं, तो कारवारच्या तुरुंगात सहा महिने राहून आला. आला तेव्हा त्याची बायको त्याला ओळखायला दोन मिनिटं थांबली, असं सांगायचे. त्यानंतर वाडीचं ठरलं. बाहेरच्यानं विचारलं काय खाल्लं, तर भात, पेज, सुकी मासळी.

वाटे घालायचं काम म्हादूच्या बापाचं होतं, ते म्हादूकडं आलं. हे काम नुसतं हातात बळ असून होत नाही, त्याला डोळा लागतो. डुक्कर फाडलं की म्हादू आधी आतडी बघायचा, मग फुप्पुस, मग कलेजी. कलेजीवर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की ती गेली झाडीत. मांसात तांदळाच्या कणीसारखे दाणे दिसले की अख्खी तंगडी पुरायला लावायचा. लोक चडफडायचे. एवढं मोठं मांस, मातीत? पण ऐकायचे. म्हादूला दिसलं नाही म्हणजे नाहीच, अशी वाडीची समजूत. म्हादूचीपण तीच.

गेल्या साली त्याची लेक बाळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी डुक्कर पडलं. चांगला मोठा नर. कलेजी गुळगुळीत, एक ठिपका नाही, उन्हात धरली तर चकाकत होती. म्हादूनं पोटातल्याचा वाटा स्वतःच्या हातानं कापला आणि स्वतः घरी नेला.

मग महिना गेला. भात घरात आलं, मळणी झाली. पौषात गोपाळचे डोळे पिवळे झाले. मग गुणाचे. मग झिलूचे. मग बाळीचे. तीन पुरुष घोंगडीत पडून राहिले, ताक प्याले, कसल्या कसल्या मुळ्या उगाळून घेतल्या आणि उठले. बाळी उठली नाही. पाचव्या दिवशी ती आईला ओळखेना.

चौघांनी झोळी करून तिला कॅसलरॉकला नेलं. पुढची बाजू दोन तास झिलूनं धरली होती, स्वतः आजारातून नुकता उठलेला, तरी खांदा बदलू दिला नाही. तिथून गाडीनं लोंढा, लोंढ्याहून रामनगर. डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, पोट चाचपलं आणि विचारलं, "काय खाल्ला होता हिनं? महिना-दोन महिन्यांत, वेगळं काही?"

"भात, पेज, सुकी मासळी," म्हादू म्हणाला. झिलू दारात उभा होता.

"बाहेरचं काही? कसलं मांस?"

"न्हाई."

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. म्हादूनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"मग पाण्यातूनच आलं असणार. सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचं. हिला बेळगावला न्या, आत्ताच्या आत्ता."

लोंढ्याच्या फलाटावर बेळगावची गाडी यायच्या आधी बाळी गेली. पोट आठव्या महिन्याचं होतं.

त्यानंतर सगळी वाडी महिनाभर पाणी उकळून प्याली. म्हादूसुद्धा. पण चुलीपुढं बसून पाणी उकळायची वाट बघताना माणसाचं डोकं रिकामं राहत नाही. अकराही घरं एकाच ओढ्याचं पाणी पितात. मग पिवळी चारच माणसं का झाली? त्या चौघांनी पाण्याशिवाय आणखी काय सारखं केलं होतं? निखाऱ्यावरची कलेजी खाल्ली होती. बायकांनी खाल्ली नव्हती, त्यांना ती मिळतच नाही. बायकांतली फक्त बाळी. सगळं बरोबर जुळायचं, आणि मग गाडं अडायचं. कलेजी वासूनंपण खाल्ली होती. म्हादूनंही खाल्ली होती, सगळ्यांपेक्षा जास्त. त्याला काही झालं नव्हतं.

वर्षभर तो इथंच अडकून होता.

*

देवकी परड्यात पाट्यावर चटणी वाटत होती. पोट मधे येत होतं म्हणून हात लांब करून वाटत होती. सातवा लागलेला. म्हादूला बघून तिनं पदर सारखा केला.

"या काका. शिव्या इथंपर्यंत ऐकू आल्या."

"कलेजी कुठाय?"

"ती काय." तिनं मानेनं शिंकं दाखवलं. पानात गुंडाळलेलं वर लटकत होतं, खाली मांजर बसलेलं. "ते तिच्याकडं बघतंय, मी त्येच्याकडं बघतीया."

"खाल्लीस काय?"

"वांती होतीया म्हणून सांगितलंय."

"खरंच होतीया?"

"अजून न्हाई. तुमचं तोंड बघून व्हईल आता."

म्हादू हसला नाही. तो उंबऱ्याबाहेर टेकला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरला.

"खाऊ नको पोरी."

देवकीनं हात थांबवला. "काका, तुमी म्हणता खाल्ल्यानं जातंय. मामंजी म्हणत्यात न खाल्ल्यानं जातंय. मी कुणाचं ऐकू? मला कलेजीचं भ्या न्हाई वाटत, खरं सांगते. उद्या काय झालं-गेलं तर सगळी माझ्याकडं बोट दाखवून म्हणतील, वाटा टाकला हिनं. आधीची दोन गेली तवा बोट दाखवायला काय न्हवतं, तरी दाखवलं."

"भांड्यात घालून शिजव. चांगली रटारटा. मग खा."

"भांड्यात घातली की तो वाटाच न्हाई म्हणत्यात. सासूबाई चुलीपाशीच बसून असत्यात, बघा."

मांजरानं एक उडी मारून बघितली, पोचलं नाही.

"तुमचं मामंजी ऐकणार न्हाईत," देवकी म्हणाली. "देवाचं ऐकत्यात. देवाच्या वरचं काय तरी आणा."

"देवाच्या वरचं काय असतंय?"

"शिक्का." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "बंदुकीची लायसन बघितलीया न्हवं त्यांची? एक अक्षर वाचता येत न्हाई. पण शिक्का हाय म्हणून पलास्टिकात गुंडाळून देवाजवळ ठेवलीया. दसऱ्याला हळदकुंकू लावत्यात तिला. डाक्टराचा शिक्क्याचा कागद आणा. मग मला कोण काय म्हणत न्हाई. मामंजीच म्हणतील, सरकारनं नको म्हटलंय."

"त्येला सगळं सांगावं लागंल. डुकराचं."

"व्हय." तिनं पुन्हा वरवंटा धरला. "ते तुमचं तुमी बघा. दिवे लागेस्तोवर मी वांत्या करते. त्येच्या पुढं माझ्यानं न्हाई निभणार."

घरी येऊन म्हादूनं अंग धुतलं. काशीनं, त्याच्या बायकोनं, त्याला धुतलेला सदरा काढताना बघितलं.

"कुठं?"

"रामनगर."

ती आत गेली. दोन भाकऱ्या आणि मिरचीचं लोणचं फडक्यात बांधून घेऊन आली. बाळी गेल्यापासून काशीनं शिकारीचं मांस चुलीवर चढवलं नव्हतं आणि त्यावर एक शब्दही बोलली नव्हती. आज फडकं हातात देताना एवढंच म्हणाली, "या बारीला तोंड उघडा."

वाटेत नदीच्या उतारावर झिलू उभा होता. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हादूचा धुतलेला सदरा बघून त्याला कळायचं ते कळलं.

"बंदूक जाईल माझी," झिलू म्हणाला. "मी जाईन कारवारला. वासू जाईल. सगळी जातील. पुढच्या साली डुकरं आली की ढोल वाजवून पळवशील काय तू?"

"तुझं नाव घेत न्हाई मी."

"माझं न घेता कुणाचं घेशील? वाडीत बंदूक एकच हाय." तो थुंकला. मग बाजूला झाला. पायवाट अरुंद होती, बाजूला व्हायला त्याला घाणेरीच्या झुडपात शिरावं लागलं. "जा. पण परत आलास तर सुरीला हात लावू नकोस. वाटे घालायला दुसरा बघतो मी."

म्हादूकडं उत्तर होतं, चांगलं झणझणीत होतं, पण गाडी चुकली असती.

*

रामनगरचा दवाखाना दोन खोल्यांचा. खिडकीतून समोर बस थांबायची जागा दिसते. म्हादू रांगेत बसला. पुढं खोकल्याची तीन पोरं आणि एक म्हातारी. भिंतीवर गांधीबाबा आणि गर्भातल्या पोराचं चित्र, डोकं खाली, पाय वर. म्हादूनं ते चित्र बघायचं टाळलं.

डॉक्टर धारवाडकडचे. मराठी बोलायचे, पण वाक्याच्या शेवटी कुठं तरी कानडी ठेच लागायची.

"या. काय होतं तुम्हाला?"

"मला काय होत न्हाई."

"मग?"

"गेल्या साली मी खोटं बोललो तुमच्याशी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच तरुण दिसत होते. त्यांनी म्हादूकडं नीट बघितलं आणि हळूच म्हणाले, "आठव्या महिन्याची. झोळीतून आणलेली."

"व्हय."

"बसा."

म्हादूला खुर्चीवर बसायची सवय नव्हती. तो टोकावर बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डुक्कर, निखारे, कलेजी, पोटातल्याचा वाटा, चौघं पिवळी झालेली, तो आणि वासू न झालेले. देवकी. सातवा महिना. आज दिवे लागायच्या आत. बोलून झाल्यावर त्यानं दाराकडं बघितलं.

"गार्डाला सांगणार काय?"

"मी डॉक्टर आहे. पोलीस नाही." डॉक्टर थोडं थांबले. "तेव्हाही डॉक्टरच होतो."

म्हादूनं खाली बघितलं.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. "डुकराच्या पोटात किडे असतात, ते कच्च्या मांसातून माणसात येतात, हे पुस्तकात आहे. ही कावीळ डुकरातून येते का, ते पुस्तकात नाही. मला माहीत नाही. तुम्ही जे सांगितला ते मी पहिल्यांदा ऐकतोय. पण कुठल्या पुस्तकात नाही म्हणून खोटं, असं मी म्हणणार नाही."

"मग मला का झाली न्हाई?"

"एकाच ताटातलं दोघं खातात, एकाला होतं, एकाला नाही. किंवा तुम्हाला आधीच कधी तरी होऊन गेली असेल, तुम्हाला कळलीसुद्धा नसेल. इतकी वर्षं डुकरं कापताय."

म्हादू आपल्या हातांकडं बघत राहिला. आयुष्यभर त्याचा डोळ्यावर विश्वास. ठिपके दिसले की फेकायचं, दाणे दिसले की पुरायचं. जे फेकण्यासारखं होतं त्याला काही ठिपकाच नव्हता.

"शिजवलं तर?"

"चांगलं उकळलं तर जातं बहुतेक सगळं. पण अर्धकच्ची कलेजी पोटुशी बाईला? कधीच नाही. ही कावीळ तिला झाली तर वाचणं फार कठीण. हे मात्र पक्कं माहीत आहे."

म्हादूनं विचारायचं ते आता विचारलं. "तवा मी खरं सांगितलं असतं तर बाळी वाचली असती?"

बाहेर म्हातारी कंपाउंडरशी वाद घालत होती. डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

"नाही," ते म्हणाले. "यावर औषध तेव्हा नव्हतं. आजही नाही."

वर्षभर म्हादूनं एका उत्तराची तयारी केली होती. हे दुसरंच आलं. ते कुठं ठेवायचं ते त्याला कळेना.

"कागद द्या," तो म्हणाला. "नको म्हणून लिवा. शिक्का मारून."

डॉक्टरांनी कागदावर कानडीत चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. म्हादूनं तो उजेडात धरून बघितला.

"एकच?"

"किती पाहिजेत?"

"झिलूचा दोनाशिवाय विश्वास बसत न्हाई."

डॉक्टरांनी खालच्या कोपऱ्यात आणखी एक मारला. मग त्यांनी वही उघडली. "बस तीनला आहे ना? पंधरा मिनिटं आहेत. मला सांगा, आतड्यात काय काय बघितलंत तुम्ही?"

हे म्हादूला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आतडी म्हणजे घाण, पुरायची आणि हात धुवायचे. तो बोलायला लागला तो थांबेना. लांब पांढरे, हातभर, गोल. पिलात जास्त असतात. एक जात असते ती आतड्याला तोंड खुपसून बसते, ओढली तर आतडं फाटतं पण ती सुटत नाही, बाहेरून हात फिरवला तर गाठ लागते. फुप्पुसाच्या टोकाला दोऱ्यासारखे, फुप्पुस कापून पिळलं की बाहेर येतात. पावसाळ्यानंतर जास्त. शेतात हुमणीच्या अळ्या उकरून खाणाऱ्या डुकरात तोंड खुपसणारे जास्त. डॉक्टर लिहीत होते. मधेच म्हणाले, "थांबा, थांबा, हुमणीचं परत सांगा." म्हादूनं परत सांगितलं. खुर्चीवर तो आता पूर्ण बसला होता.

"वाडीचं नाव लिहीत नाही मी," डॉक्टर म्हणाले.

म्हादूनं विचार केला. झिलू डोळ्यांपुढं आला, झुडपात बाजूला झालेला. "नको," तो म्हणाला. "पण माझं लिवा. म्हादू. वाटे घालणारा."

डॉक्टरांनी लिहिलं.

"आता एकच. तुमच्या मुलीनं किती खाल्ली होती? चव घेण्यापुरती, की पूर्ण?"

समोर बस येऊन उभी राहिली होती. क्लीनर टपावर पोती चढवत होता. म्हादू तिकडं बघत बोलला.

"तिला नको होती. वास येतोय म्हणाली. तोंड फिरवलं तिनं. मीच पान हातात दिलं तिच्या. म्हटलं, खा बाय. तुझं न्हवं हे, त्याचं हाय. मग खाल्ली. सगळी. माझ्यापुढं बसून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते काहीतरी म्हणायला गेले. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

म्हादू उठला. कागदाची घडी सदऱ्याच्या आतल्या बाजूला घातली, वरून हात दाबून बघितला.

"थोडा बसा. पाणी घ्या."

"न्हाई साहेब. दिवे लागायच्या आत पोचायचं हाय. मला आता जायला पायजे."